कूस बदलताना कळ येत असेल तर: कमरेच्या खालच्या सांध्याचं दुखणं आणि रात्रीची झोप

कंबर दुखते म्हणून माझ्याकडे उपचाराला आलेला माणूस पहिला प्रश्न गादीचा विचारतो. कोणती घेऊ, कितीची घेऊ, कापसाची बरी की फोमची? मी त्यालाच विचारते, दुखतं नेमकं कधी? पडल्यावर, की कूस बदलताना? बहुतेक जण जरा आठवून बघतात आणि म्हणतात, कूस बदलताना. नाहीतर पहाटे पलंगावरून पाय खाली सोडताना. परवाच एक गुजराती मावशी आल्या, 'कमर झलाई गई छे' म्हणत. त्यांचीही हीच गत. पडून राहिलं की ठीक, हललं की कळ.

यातच अर्धं उत्तर आहे. कमरेच्या खालचा सांधा दुखावतो तो ओटीपोटाची हाडं पिळली गेली की. म्हणून गादी नंतर बघू. आधी उशा, मग वळायची पद्धत, मग उठायची पद्धत. या तिन्हींना खर्च जवळजवळ नाही, आणि फरक मात्र दोन-चार रात्रींत कळायला लागतो.

दुखतं ते नक्की कुठे

पाठीचा कणा खाली संपत येतो तिथे एक त्रिकोणी हाड असतं, त्रिकास्थी. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला ओटीपोटाची मोठी पसरट हाडं येऊन चिकटतात. हे दोन जोड म्हणजे सॅक्रोइलियाक सांधे. डॉक्टरांच्या बोलण्यात 'एसआय जॉइंट'. गुडघ्यासारखे ते हलत नाहीत. त्यांची हालचाल काही अंशांची, जेमतेम दोन-चार मिलिमीटरची. पण धडाचं सगळं वजन पायांत उतरतं ते यांच्यातूनच, त्यामुळे जाड, चिवट अस्थिबंधांनी ते घट्ट बांधलेले असतात. हे बंध सैल झाले, ताणले गेले किंवा सांध्याला सूज आली की रात्र अवघड होते.

ओळखायची एक साधी खूण आहे. मणक्याचं किंवा स्नायूंचं दुखणं असलेला माणूस सहसा कमरेवर आडवा हात फिरवून दाखवतो. सांधा दुखणारा माणूस एक बोट ठेवतो. कमरेवर मागे दोन खळगे असतात ना, त्यांतल्या एकाच्या लगत, जरा आतल्या बाजूला. तिथून दुखणं कुल्ल्यात, मांडीच्या मागे, कधी जांघेत जातं. गुडघ्याच्या खाली फारसं उतरत नाही. पावलापर्यंत मुंग्या, बधिरपणा जात असेल तर नस दाबली गेल्याची शंका घ्यायची आणि तपासून घ्यायचं. ही खूण म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगायला उपयोगी.

कोणाला होतं? गरोदर बायकांना पुष्कळ, साधारण पाचांतल्या एकीला. या काळातल्या संप्रेरकांमुळे अस्थिबंध सैलावतात, शिवाय पोटाचं वजन पुढे येतं. कुल्ल्यावर आपटलेल्यांना होतं. आमच्या बडोद्यातल्या मांडवीच्या आतल्या जुन्या घरांमधले उभे लाकडी जिने पावसाळ्यात आम्हाला नेमाने माणसं पुरवतात. एक पाय किंचित आखूड असलेल्यांना होतं, मूल कायम एकाच खाकोटीला घेणाऱ्या आयांना होतं. आणि बडोद्यात राहून गरब्याचं नाव न घेणं शक्य नाही. नऊ रात्री अनवाणी, एकाच दिशेने गोल, दर चार पावलांना तोच कमरेचा झोका. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे बसायला खुर्ची नसते.

गुडघ्यांमध्ये उशी, पण घोट्यापर्यंत

कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. 'ताई, घेते की मी उशी,' असं म्हणणाऱ्या बाईला मी टेबलावर तशीच झोपून दाखवायला सांगते. डोक्याची जुनी, चपटी झालेली उशी घडी करून गुडघ्यांत खोचलेली असते. गुडघे वर उचललेले, आणि वरच्या पायाचं पाऊल उशीच्या बाहेर, खाली गादीवर लोंबलेलं. पाऊल खाली गेलं की अख्खी मांडी पिळली जाते, मांडीबरोबर ओटीपोटाची वरची बाजू ओढली जाते, आणि सांधा रात्रभर पिळलेला राहतो. उशी असूनही नसल्यासारखीच.

म्हणून उशी लांब हवी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सबंध पायाखाली येईल अशी. जाडी किती? दोन गुडघ्यांमधलं अंतर दोन खुब्यांमधल्या अंतराइतकं राहील एवढी. पातळ असेल तर वरचा गुडघा खाली झुकतो, फार जाड असेल तर जांघ ताणते. घरातल्या कुणाला तरी पायथ्याशी उभं राहून बघायला सांगा: वरचा खुबा खालच्या खुब्याच्या बरोबर वर आहे का, की पुढे कलंडला आहे?

बाजारात यासाठी लांबलचक महागड्या उशा मिळतात. मिळोत बापड्या. बैठकीच्या खोलीतला लोड चालतो, फक्त तो फार टणक आणि गोल नको, पाय घरंगळतो. जुनी दुलई लांबट गुंडाळून दोन ठिकाणी नाडीने बांधली तरी काम होतं. आणि गल्लीत पिंजारी येत असेल तर त्याच्याकडून छातीपासून घोट्यापर्यंत पोचेल एवढी उशी भरून घ्यावी, कापूस घट्ट भरायला सांगून, कारण तो दबतोच. मंगळबाजारातलं साधं सुती कापड खोळीला बरं. सॅटिनची खोळ दिसते छान, पण मध्यरात्री उशी निसटून पलंगाखाली जाते. एकाच लांब उशीचा आणखी एक फायदा असा की वरचा हातही तिच्यावर टाकता येतो. हात मोकळा राहिला तर खांदा पुढे पडतो आणि त्याच्यामागून कंबर वळते.

गुडघे किंचित वाकवलेले पुरेत. पोटाशी पाय घेऊन मुटकुळं करायचं नाही. डोक्याखालची उशी खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल एवढी. खुबे रुंद आणि कंबर बारीक अशी ठेवण असेल तर कुशीवर पडल्यावर कमरेखाली पोकळी राहते आणि कणा तिथे झोळासारखा खाली येतो. त्या पोकळीत पातळसा टॉवेल गुंडाळून ठेवा. पुष्कळ बायकांना सगळ्यात जास्त आराम या टॉवेलाने मिळतो, आणि तो सांगत मात्र कोणी नाही.

कुठल्या कुशीवर? दुखरी बाजू वर ठेवून सुरुवात करा. दोन्हीकडे दुखत असेल तर ठरावीक नियम नाही, सोसेल तशी बाजू बदला. एका वेळी एकच बदल करा आणि तो तीन-चार रात्री टिकवून बघा. उशी, टॉवेल, नवी गोळी आणि व्यायाम सगळं एकदम सुरू केलं तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

उताणं, आणि पालथं

उताणं झोपायची सवय असेल तर गुडघ्यांखाली जाड उशी ठेवा. नुसता गुडघ्याच्या लवेत टॉवेल नको, मांडीचा खालचा भाग आणि पोटऱ्या दोन्ही टेकल्या पाहिजेत. पाय सरळ ठेवले की मांडीचे पुढचे स्नायू ओटीपोट पुढे ओढतात, कमरेची कमान वाढते आणि पहाटे ठणका लागतो. गुडघे उचलले की ती ओढ सुटते. गरोदर बाईने मात्र 28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपावं. डावी-उजवी कुठलीही चालते. मध्येच जाग आल्यावर आपण उताण्या आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, परत कुशीवर व्हायचं.

पालथं झोपणं या दुखण्यात सगळ्यात वाईट, त्यातही एक गुडघा बाजूला वर ओढून, बेडकासारखं. सवय सुटतच नसेल तर ओटीपोटाखाली पातळ उशी घ्या आणि दोन्ही पाय सरळ ठेवा.

कूस बदलायची कशी

झोपेत आपण आधी एक गुडघा टाकतो, मग कंबर वळते, मग खांदा. साध्या कमरेला हे चालतं. दुखऱ्या सांध्याला तेच मारक, कारण एक पाय वजन घेऊन पुढे गेला की दोन्ही बाजू वेगवेगळ्या ओढल्या जातात. वळायचं ते लाकडी ओंडक्यासारखं, सगळं एकदम. हे दिवसा, पूर्ण जागेपणी पाच-सहा वेळा करून बघा, म्हणजे रात्री अर्धवट झोपेत शरीराला आठवतं.

1. आधी उताणे व्हा. दोन्ही गुडघे वाकवा, एक-एक करून, पाऊल गादीवरून सरकवत. पाय हवेत उचलायचे नाहीत.
2. गुडघ्यांमध्ये उशी घट्ट धरा, ती पिळून काढायची आहे अशी. ही पकड वळून होईपर्यंत सोडायची नाही.
3. श्वास सोडत बेंबी हलकेच आत ओढा. श्वास रोखू नका.
4. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला मान वळवा, लांबचा हात तिकडे न्या, आणि खांदे, कंबर, गुडघे एका झटक्याशिवाय, पण एकाच वेळी वळू द्या.
5. वळल्यावर पलंगाच्या फार कडेला आलात तर कंबर ओढत सरकू नका. परत उताणे व्हा, दोन्ही पावलं रोवून कुल्ले किंचित उचला, थोडं मागे ठेवा, मग पुन्हा वळा.

दुसऱ्या पायरीतली पकड ही यातली मुख्य गोष्ट. गुडघे एकमेकांकडे दाबले की मांडीचे आतले स्नायू ओटीपोटाला पुढून आवळून धरतात. कित्येकांची कळ तेवढ्यानेच निम्म्यावर येते.

आता कपड्यांचं. खरखरीत सुती गाऊन आणि खरखरीत सुती चादर एकमेकांना चिकटतात, धड वळतं पण गाऊन जागेवरच राहतो आणि कंबर त्यात अडकते. यावर उपाय म्हणजे जुन्या गुळगुळीत साडीचा दोन हात रुंद पट्टा चादरीवर कमरेच्या जागी आडवा घालून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचणे. गाऊन सुती, पट्टा गुळगुळीत, एवढं पुरे. दोन्ही गुळगुळीत केलंत तर पलंगावरून घसरायची भीती. परकराची किंवा सलवारची नाडी दुखऱ्या जागेवरच करकचून बसते, रात्री सैल इलॅस्टिक बरं. बडोद्याची थंडी ती किती, तरी जाड रजई घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: वळताना आधी रजई बाजूला सारायची, मग वळायचं. रजईच्या वजनाखाली वळणं म्हणजे कुस्तीच.

उठणं

उताणं असताना सरळ उठून बसायचं नाही. कधीच नाही. वर सांगितल्याप्रमाणे कुशीवर व्हा, दोन्ही पाय एकत्र पलंगाच्या कडेखाली सोडा, त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या तळव्याने धड वर लोटा. पाय खाली जातात त्या वजनाने धड आपसूक वर येतं. मिनिटभर बसून राहा, पावलं वर-खाली करा. दोन्ही पावलं जमिनीवर सारखी टेकवून उभे राहा, आणि उभं राहिल्यावरच वळा. स्लिपर पायाने चाचपडत शोधताना कंबर वाकडी होते, म्हणून त्या पायाशीच काढून ठेवाव्यात. बाथरूमच्या वाटेवर एक मंद दिवा असू द्या.

पलंगाची उंची गुडघ्याइतकी असावी. बसल्यावर गुडघे खुब्यांच्या वर जात असतील तर पलंग बुटका आहे, पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून घ्या. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांना झोपताना त्रास नसतो, उठताना होतो. त्यांनी कुशीवरून पालथं होऊन हातापायांवर यावं, शेजारी ठेवलेल्या पक्क्या खुर्चीवर हात टेकावेत, कमी दुखणाऱ्या बाजूचं पाऊल पुढे रोवावं आणि हातांवर जोर देत उठावं. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते.

आता गादी

'कंबर दुखते? मग फळीवर झोप' हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या 313 जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. जुनी कंबरदुखी असलेल्या या लोकांतल्या काहींना टणक आणि काहींना मध्यम टणक गादी दिली होती. तीन महिन्यांनी मध्यम टणक गादीवाले अधिक सुखी होते. फळीवर कुशीवर झोपलात तर खुबा आणि खांदा रुतायला जागाच नाही, मग कणा मधे वाकतो. फार मऊ फोमवर कुल्ले खाली जातात आणि वळायला दुप्पट जोर लागतो.

घरची कापसाची गादी असेल तर ती टाकून द्यायची घाई करू नका. आपण रोज झोपतो तिथे तिला खड्डा पडतो, एवढंच. उलटीसुलटी करा, डोक्याकडची बाजू पायाकडे करा, ऊन द्या, आणि तरी खड्डा राहिला तर पिंजून परत भरून घ्या. पलंगाची पट्टी वाकली असेल तर गादीखाली प्लायवूड घाला. नवीच घ्यायची झाली तर दुकानात गादी हाताने दाबून काही कळत नाही. लाज सोडून दहा मिनिटं कुशीवर पडा, गुडघ्यांत काहीतरी धरून.

बाळंतिणीची बाज हा वेगळा विषय. नवार किंवा सुंभ सैल पडलं की मधे झोळ होतो आणि आधीच सैलावलेला सांधा त्यात लोंबतो. बाज ठेवायचीच असेल तर ताणून घ्या, मधल्या वेळात पलंगावर झोपा. बाळाला कुशीवर पडून पाजताना पाठीमागे लोड आणि गुडघ्यांत उशी हवीच.

झोपाळा आमच्याकडे प्रत्येक जुन्या घरात. दुपारी त्याच्या फळीवर लवंडायची हौस असते. दुखणं असेपर्यंत त्याच्यावर बसा, झोपू नका: फळी टणक, रुंदी कमी, आणि उठताना तो हलतो.

झोपायच्या आधीचा तास

संध्याकाळी ओट्यावर मांडी घालून किंवा सोफ्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला मुडपून तासभर गप्पा मारल्या की रात्रीचा ठणका ठरलेला. खुर्ची घ्या, दोन्ही पावलं जमिनीवर. पुरुषांनी मागच्या खिशातलं पाकीट काढावं. गरब्याहून आल्यावर लगेच आडवं होऊ नये, पाच-दहा मिनिटं सावकाश चालावं.

शेकायला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं पुरे. ती घेऊन झोपी जाऊ नका. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी घरातल्या दुसऱ्या कुणाकडून उष्णता तपासून घ्यावी. नुकतंच आपटलं, लचकलं असेल तर पहिले एक-दोन दिवस शेकण्यापेक्षा बर्फ बरा, तोही कापडात.

मग अंथरुणावरच तीन सोपे प्रकार. उताणं, गुडघे वाकवून, कंबर हळूच गादीकडे दाबायची आणि सोडायची. गुडघ्यांत उशी पाच मोजेपर्यंत दाबायची आणि सोडायची. शेवटी कुल्ले चार बोटं उचलून खाली ठेवायचे. प्रत्येक आठ-दहा वेळा. दुखणं वाढलं तर तो प्रकार वगळा. एक पाय छातीशी ओढायचा आणि दुसरा सरळ, हा सगळीकडे दाखवला जाणारा ताण या सांध्याला कित्येकदा सोसत नाही. ओढायचे तर दोन्ही गुडघे एकत्र.

वेदनाशामक गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, पोटात व्रण असणाऱ्यांना त्या बाधतात, आणि गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या टाळायच्या असतात. कमरेचा पट्टा मिळतो तो दिवसा, उभं राहताना-चालताना उपयोगी. तो कमरेला नाही, त्याखाली खुब्यांच्या पातळीवर बांधायचा. रात्री सहसा काढून ठेवतात. आणि दिवसभर अंथरुण धरून बसू नका. कमाटीबागेत सपाट वाटेवर सोसेल तेवढं चाला, लहान पावलं टाकत. दिवसा हललेला माणूस रात्री कमी आखडतो.

डॉक्टरांकडे केव्हा

लगेच, त्याच दिवशी: लघवी अडकली किंवा आपोआप झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायांतली ताकद कमी होत चालली तर. ही इमर्जन्सी आहे, सकाळची वाट पाहू नका.

थोड्या दिवसांत: ताप, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, मोठा मार, किंवा कुठल्याही स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं. आपल्याकडे कण्याचा क्षयही विसरून चालत नाही.

आणि एक प्रकार हमखास उशिरा लक्षात येतो. वय चाळिशीच्या आत, दुखणं तीन महिन्यांहून जुनं, रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणणारं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, आणि गंमत म्हणजे आरामाने वाढतं, हालचालीने कमी होतं. हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारखा सांध्यांना सूज आणणारा आजार असू शकतो. तो उशांनी बरा होत नाही. संधिवाततज्ज्ञ गाठा.

रात्रीच्या गाडीने जायचं असेल तर

मुंबई-पुण्याला नातेवाईक नाही असं बडोद्याचं मराठी घर विरळाच, म्हणून हेही. खालचा बर्थ घ्या. ज्येष्ठ नागरिक, 45 वर्षांवरच्या स्त्रिया आणि गर्भवती यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. साइड लोअर शक्यतो नको: पुष्कळ डब्यांत तो दोन आसनं जोडून होतो आणि मधली फट नेमकी कमरेखाली येते. मिळालाच तर शाल घडी करून ती भरा. फुगवायची उशी अर्धीच फुगवून गुडघ्यांत घ्या, पूर्ण फुगवली तर निसटते. अरुंद जागेत पूर्ण कूस बदलता येत नाही, तेव्हा पाठीमागे बॅग लावून एकाच कुशीवर पडा आणि दीड-दोन तासांनी उठून डब्यातल्या डब्यात एक फेरी मारा. उतरायच्या पंधरा मिनिटं आधी उठून बसा. सामान एका खांद्याला अडकवू नका, आणि जड बॅग बर्थखालून स्वतः ओढू नका, शेजारच्या तरुण पोराला सांगा. 'भाई, जरा' म्हटलं की या मार्गावर कुणी नाही म्हणत नाही.